चारशे गुणांनी वरच्या खेळाडूपुढे हातातली बरोबरी कशी गेली?

तासगावच्या एका पालकांनी मुलीच्या बुद्धिबळाच्या डावाच्या स्कोअरशीटचा, म्हणजे चालींच्या नोंदीचा, फोटो पाठवलाय. मुलगी ११ वर्षांची, फिडे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ) रेटिंग १४९०. सांगलीतल्या एका खुल्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत तिची गाठ १८९० रेटिंगच्या, पंचेचाळिशीतल्या गृहस्थांशी पडली आणि ४९व्या चालीला तिने डाव सोडला. वडील विचारतात: डाव नेमका कुठे गेला? एवढ्या वरच्या माणसाविरुद्ध काही वेगळं, गोंधळात टाकणारं खेळायला हवं होतं का? आणि पहिल्या फेरीत अशा विषम जोड्या लावणं हा मुलांवर अन्याय नाही का?

शेवटचा प्रश्न आधी संपवतो. अन्याय नाही, ती स्विस पद्धत आहे. खेळाडू रेटिंगनुसार उतरत्या क्रमाने लावतात, यादी मधोमध तोडतात आणि वरच्या अर्ध्याचा पहिला खालच्या अर्ध्याच्या पहिल्याशी बसवतात. दोनशे खेळाडू असतील तर १ विरुद्ध १०१, ४० विरुद्ध १४०. म्हणजे पहिल्या फेरीत जवळजवळ प्रत्येक पटावर एक वरचढ आणि एक कच्चा. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून समान गुणांचे समोरासमोर येतात आणि पाणी आपल्या पातळीवर येतं. झुरिकला १८९५ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा वापरली म्हणून नाव स्विस. सव्वाशे वर्षांत हिच्याहून बरी तोड कोणाला सापडलेली नाही, निदान शेकड्यांनी खेळाडू येतात तिथे तरी.

उलट हिशेब बघा. रेटिंगमध्ये चारशेचं अंतर असलं की फिडेच्या तक्त्याप्रमाणे डावाच्या एका गुणापैकी वरच्या खेळाडूकडून ०.९२ची अपेक्षा असते, खालच्याकडून ०.०८ची. तुमच्या मुलीचा के घटक (एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) ४० असणार, कारण ती अठराच्या आतली आहे. हरली तर तिचे जातात रेटिंगचे ३.२ गुण. बरोबरी केली असती तर मिळाले असते १६.८, जिंकली असती तर ३६.८. समोरच्या गृहस्थांचा के घटक २०. त्यांना जिंकून मिळाले १.६, बरोबरीत गेले असते ८.४, हरते तर १८.४. आता सांगा, त्या पटावर घाबरायला कोणी हवं होतं? सकाळी दहा वाजता घरून डबा घेऊन निघालेला माणूस दीड गुणासाठी बसलाय आणि समोर एक वेण्या घातलेली पोरगी. पहिल्या फेरीत पोटात गोळा असतो तो आमच्यासारख्यांच्या, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो. शिवाय मार्च २०२४ पासून फिडेने रेटिंगचा तळ १४०० वर आणलाय, त्यामुळे १४५०-१५०० वाली मुलं खरी किती ताकदीची आहेत हे त्या आकड्यावरून नीट कळतच नाही. वर्षभर रोज सराव करणाऱ्या मुलाचं रेटिंग त्याच्या खेळाच्या मागून रखडत येतं.

आता डाव. स्कोअरशीट मी पटावर दोनदा लावली.

मुलगी पांढऱ्यांनी खेळली. (घरांची नावं अशी: उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८.) पहिल्या आठ चाली चांगल्या: प्यादी मध्यावर, घोडे बाहेर, किल्लेकोट (राजाला हत्तीशेजारी सुरक्षित नेणं) वेळेवर. नवव्या चालीला तिने बी५ वरच्या उंटाने सी६ वरचा घोडा मारला. मारायचं कारण काहीच नव्हतं, उंटावर कोणी हल्लाही केला नव्हता. १२व्या चालीला दुसरा उंट दिला, १४व्या चालीला वजिरावजिरी. १९ला एक घोडा गेला, २३ला हत्ती. म्हणजे पंधरा चालींत पाच वेळा अदलाबदल, आणि पाचही वेळा सुरुवात तिची. मी तुमच्या मुलीला ओळखत नाही, पण एवढ्यावरून तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगू शकतो. मोठा खेळाडू आहे, पट लवकर रिकामा झाला की बरोबरी होईल, सुटलो.

आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ मुलांची हीच समजूत असते, आणि बऱ्याचदा ती आम्हीच, म्हणजे शिकवणाऱ्यांनी, घालून दिलेली असते. 'सोपं करून टाक' हा सल्ला सोंगट्यांनी पुढे असलेल्याला द्यायचा असतो. ताकदीने कमी असलेल्याला तो दिला की घात होतो. गर्दीच्या पटावर १८९० वालाही चुकतो, कारण तिथे दोघांनाही सगळं दिसत नाही. रिकाम्या पटावर त्याला तीस वर्षांचा अनुभव दिसतो आणि पोरीला रिकामा पट. अंतिम टप्प्यात दोघांतली दरी सगळ्यात रुंद असते, आणि ती स्वतःच्या पायांनी तिकडे चालत गेली.

शिवाय मारामारीत एक बारीक खर्च असतो. तुमच्या उंटाने मारायला एक चाल घेतली, त्याने परत मारताना बी७ चं प्यादं सी६ वर आणलं. तुमची खेळती सोंगटी गेली, त्याची बी पट्टी मोकळी झाली. एकदा झालं तर काही नाही. पाच वेळा झालं की त्याच्या सगळ्या सोंगट्या कामाला लागलेल्या असतात.

आणि तरी, गंमत अशी की २२व्या चालीनंतर स्थिती तिचीच बरी होती. बी७ चं प्यादं सी६ वर आल्यामुळे काळ्याचं ए६ चं प्यादं एकटं पडलेलं, सी पट्टीवर एकामागे एक दोन. अशा प्याद्यांवर दाबायला हत्ती लागतो. डी पट्टी तिच्या ताब्यात होती. शांतपणे दुसरा हत्ती डी१ वर आणायचा, मग एक हत्ती चौथ्या ओळीवरून ए४ला न्यायचा, आणि काळ्याला दोन्ही हत्ती राखणीला बसवायला लावायचे. जिंकली असती असं म्हणत नाही, पण त्रास त्या गृहस्थांना झाला असता. तिने २३व्या चालीला दाबायचा तो हत्तीच अदलाबदलीत देऊन टाकला. आणि २४व्या चालीला बरोबरीचा प्रस्ताव! स्कोअरशीटवर खूण केलीय, ते बरं केलं, नियमच आहे तो.

प्रस्ताव ठेवण्याचा मला राग नाही. चाल करायची, प्रस्ताव सांगायचा, मग घड्याळ दाबायचं. एवढं पाळलं की हक्क आहे. पण बरी स्थिती असताना खालच्या रेटिंगच्या खेळाडूने विचारलेलं 'ड्रॉ?' समोरच्याला काय सांगतं ते ऐका. त्याला तोवर शंका असते की पोरगी बघतेय का आपल्या प्याद्यांकडे. प्रस्ताव आला की शंका फिटते. तुमच्या पत्रात आहे की ते हसून म्हणाले, "खेळ की अजून, बाळ," आणि मुलगी म्हणाली, "सॉरी काका."

या 'सॉरी काका'वर मला जरा थांबायचंय.

आपल्याकडे मुलं मोठ्यांना काका म्हणतात, ते बरोबरच आहे. वळण आहे ते. पण पटावर समोर बसलेल्या काकांबरोबर मुलांच्या मनात घरातले सगळे काका येऊन बसतात. काकांना उलट बोलायचं नाही, काकांना ताटकळत ठेवायचं नाही, काकांचं चुकलं असं म्हणायचं नाही. मी सांगलीत, मिरजेत, कराडला शेकडो मुलांचे डाव बघितलेत. समवयस्काबरोबर एका चालीला दहा मिनिटं घेणारी मुलं मोठ्या माणसासमोर भराभर चालतात, कारण काका वाट बघतायत. काकांनी सोंगटीला हात लावून दुसरी चालवली तरी पंचांना हात वर करून बोलवत नाहीत. 'स्पर्श केला तर चालावंच लागेल' हा नियम वयाला सूट देत नाही, पण मुलाच्या तोंडून शब्द फुटत नाही. त्या गृहस्थांनी काही गैर केलं असं मला म्हणायचं नाही, तुमच्या पत्रात तसं काही नाही. मुलीच्या घड्याळाकडे बघा फक्त. ९० मिनिटं अधिक दर चालीला ३० सेकंद असा वेळ होता. ४९व्या चालीला डाव सोडला तेव्हा तिच्याकडे ७९ मिनिटं उरली होती असं ती सांगते. म्हणजे अठ्ठेचाळीस चालींना तिने जेमतेम ३५ मिनिटं वापरली, चालीला पाऊण मिनिट. तिचा वेळ त्या काकांच्या वेळेएवढाच तिच्या मालकीचा होता, त्याच फीमध्ये आलेला. तो तिने तसाच परत केला.

पुढच्या स्पर्धेपासून तिला दर पाचव्या चालीला स्कोअरशीटच्या कडेला उरलेली मिनिटं लिहायला सांगा. नियमात चालतं. घरी आल्यावर डावापेक्षा आधी तो आकडा बघायचा.

आता ४२वी चाल, कारण खरा डाव तिथे गेला. पट मांडून घ्या. पांढरा: राजा जी२, घोडा एफ२. बाकी काही नाही. काळा: राजा एफ४, उंट ई३, प्यादी जी४ आणि एच४. पांढऱ्याची चाल, आणि घोड्यावर उंटाचा हल्ला आहे. कोणीही म्हणेल की संपलं. दोन प्यादी कमी, ती जोडीने उतरतायत, घोडाही जाणार. तिने घोडा डी३ वर नेऊन शह दिला. राजा ई४ वर येऊन परत घोड्याच्या अंगावर, आणि त्यानंतर घोडा पळत राहिला नि प्यादी एकमेकांचा हात धरून खाली आली.

घोडा मारायचा होता जी४ चं प्यादं. मुद्दाम, फुकट द्यायचा. राजा जी४ वर मारतो, पांढरा राजा एच१ ला कोपऱ्यात जाऊन बसतो, आणि डाव बरोबरीत. काळ्याकडे उंट आणि प्यादं जास्त असूनही! कारण उरलेलं प्यादं एच पट्टीचं, त्याला वजीर व्हायचंय एच१ वर, एच१ हे पांढरं घर, आणि काळ्याचा उंट काळ्या घरांचा. तो जन्मात एच१ वर हल्ला करू शकत नाही. राजाला कोपऱ्यातून कोणी हाकलू शकत नाही. प्यादं एच३ वर आलं आणि काळ्या राजाने जी३ वर येऊन दाबलं तर आपला राजा एच१ वर, शह नाही, जायला घर नाही: स्टेलमेट, म्हणजे बरोबरी. पोरीला लावून दाखवा, दोन मिनिटांचं काम आहे. काळ्या बाजूने तुम्ही बसा आणि जिंकायचा प्रयत्न करा.

तुम्ही लिहिलंय की हा 'चुकीच्या रंगाचा उंट' तिला क्लासमध्ये शिकवलेला आहे, वहीत आहे. माझा विश्वास आहे. वहीत तो असा असतो: राजा कोपऱ्यात, उंट आणि प्यादं समोर, पट तयार. डावात तो असा येत नाही. डावात मधे एक घोडा आणि एक जास्तीचं प्यादं असतं आणि ते दोन्ही आधी पटावरून उचलून टाकावे लागतात. म्हणून अंतिम टप्पे शिकवताना मी हल्ली तयार स्थिती मांडतच नाही. तीन-चार चाली आधीची मांडतो आणि विचारतो, यातलं काय नको आहे?

पण नुसत्या ज्ञानाचाही प्रश्न नव्हता. आपण होऊन घोडा द्यायचा म्हणजे 'हे काका एवढं सोपं कसं काय चुकले असतील' हा विचार आधी बाजूला सारावा लागतो. १८९० वाल्याने ही बरोबरी मुळात होऊच द्यायला नको होती. त्याने राजा एफ४ वर आणण्याऐवजी प्यादी आधी सांभाळायला हवी होती. तो चुकला, आणि मुलीने त्याच्या चुकीवर विश्वास ठेवला नाही. वरचा खेळाडू चुकतो तेव्हा खालच्याला ती चूक सापळा वाटते. असे डाव मी मोजायचे सोडून दिलेत.

मोठी माणसं चुकतात, आणि साध्या चुका करतात. विश्वनाथन आनंद १९८७ चा जागतिक ज्युनियर विजेता. पुढच्याच वर्षी बीलच्या स्पर्धेत कोलंबियाच्या आलोन्सो झापाटाविरुद्ध पेट्रॉफ बचाव या सुरुवातीत त्याने पाचव्या चालीला उंट एफ५ वर ठेवला. झापाटाने वजीर ई२ वर आणला, ई४ वरचा घोडा राजासमोर बांधला गेला (हलला तर राजाच उघडा), आणि आनंदने सहाव्या चालीला डाव सोडला. सहाव्या! फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बुर्गडॉर्फला सिंगापूरच्या अश्वथ कौशिक या आठ वर्षांच्या मुलाने पोलंडचा ग्रँडमास्टर यासेक स्टोपाला हरवलं. आणि आपली नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या महिला विश्वचषकाला गेली तेव्हा तिचं मानांकन पंधरावं होतं. दुसऱ्या मानांकित झू जिनरला, हरिकाला, तान झोंगयीला आणि अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून ती थेट ग्रँडमास्टर होऊन परत आली. जॉर्जियातल्या बातूमीत तिचे डाव चालू असताना आमच्या वर्गातल्या मुली जेवण विसरल्या होत्या.

लांब कशाला, माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी मिरजेत, पहिल्या फेरीत, नऊ वर्षांचा एक मुलगा समोर. पाय जमिनीला टेकत नव्हते. मे महिना, हॉलमधले पंखे गरम हवा फिरवतायत, आणि मला दुसऱ्या फेरीच्या आधी चहा-भडंग खायला वेळ हवा होता. बाराव्या चालीला मी एच७ वर उंटाचा बळी दिला. सगळ्यांना पाठ असलेला बळी: राजाने मारला की घोडा जी५ वर शह, मग वजीर एच५, मग मात. फक्त एक अडचण होती, त्याचा उंट ई७ वर बसून जी५ कडे बघत होता. मला तो उंट दिसत होता हो! मला वाटलं, पोरगं घाबरेल आणि राजा कोपऱ्यात पळवेल. त्याने राजाने उंट मारला. मी घोडा जी५ वर टाकला. त्याने उंटाने घोडा मारला, स्कोअरशीटवर लिहिलं आणि पंचांना विचारलं, "सर, पाणी प्यायला जाऊ का?" ३१व्या चालीला मी हात मिळवला. त्या मुलाने मला एकदाही काका म्हटलं नाही. खरं तर बोललाच नाही तो माझ्याशी.

मी हरलो कारण समोरच्याचं वय खेळलो. तुमची मुलगी समोरच्याचं वय आणि रेटिंग दोन्ही खेळली.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: वेगळं काही खेळू नये. गॅम्बिट (सुरुवातीलाच प्यादं देऊन हल्ला करायचा) वगैरे काढून गोंधळ उडवायचा सल्ला बरेच जण देतात, आणि तो ऐकून मुलं स्पर्धेच्या आदल्या रात्री मोबाइलवर एखादा व्हिडिओ बघून येतात. त्या गॅम्बिटमध्ये गोंधळ मुलाचाच उडतो. वरच्या खेळाडूने ते पन्नास वेळा बघितलेलं असतं. रोज खेळते तीच सुरुवात खेळू द्या, तिच्या पहिल्या आठ चाली कोणालाही शोभतील अशा आहेत. फरक फक्त नवव्या चालीपासून करायचा. मारता येतं म्हणून मारायचं नाही, ताण राहू द्यायचा. समोरच्याने मारलं तर मारू दे.

दुसरं, वरचा खेळाडू उठून फिरायला गेला की मुलंही उठतात, दुसऱ्यांचे पट बघत हिंडतात. तो फिरतो कारण त्याला ती स्थिती पाठ आहे. हिने बसून राहावं. त्याचं आसन रिकामं असतं तेव्हा तर मुलं जास्त चांगली खेळतात असं माझं निरीक्षण आहे, समोर काका नसतात ना.

सांगलीत उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी स्पर्धा खेळायची ही रीत भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांच्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे घराघरात गेली. मोठ्यांच्या गटात मुलांना बसवायला जुने लोक कचरत नसत. तुम्हीही तिला लहान गटात परत नेऊ नका. १५०० च्या आतल्यांमध्ये ती बक्षिसं आणेल, ढाली कपाटात लागतील, आणि ४२व्या चालीला घोडा द्यायची वेळ कधी येणारच नाही.

एक राहिलं. डाव संपल्यावर ती रडत बाहेर आली आणि तुम्ही तिला घेऊन गणपती मंदिराकडे फिरायला गेलात, असं लिहिलंय. ठीक आहे, अकरा वर्षांची आहे. पण आपल्या भागातले हे १८००-१९०० वाले बहुतेक दिलदार असतात, डावानंतर बाहेर पट मांडून बसायला एका पायावर तयार. ते गृहस्थ तुम्हाला इथल्या कुठल्या ना कुठल्या स्पर्धेत पुन्हा भेटतीलच. तेव्हा तिला ती स्थिती स्वतः मांडू द्या, राजा जी२, घोडा एफ२, आणि विचारू द्या, "काका, मी इथे जी४ मारलं असतं तर?" ते काय म्हणतात ते मलाही कळवा.